दहाचा खटका

गौरवने मेन स्विच पाडला, स्टुलावर चढला आणि जुन्या एमसीबीचा, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या खटक्याचा, स्क्रू पिळला. दिवेलागणीची वेळ. शेजारी हर्षदच्या अंगणात ढोल घुमत होते. तिथून शिमग्याची देवीची पालखी सरळ इथेच यायची.

"झाला काय रे?" त्याची आई येसूबाई आतून ओरडली. "आज लाईट गेली तर गावात तोंड दाखवायला जागा नाय मला!"

आईचं खरंच होतं. गेल्या शिमग्यात पालखी माजघरात नाचत असताना हा खटका पडला आणि घरात मिट्ट काळोख झाला. गावाला तेवढंच पुरलं. देवी येसूबाईवर कोपली, असं जो तो बोलला, आणि ती बिचारी देवळाची पायरी चढायची बंद झाली. म्हणून यंदा मुंबईहून येताना गौरवने रत्नागिरीत दहा ॲम्पिअरच्या जागी बत्तीसचा एमसीबी घेतला. दुकानदार वायरची जाडी विचारत होता. "वायर गेली खड्ड्यात, लाईट जाता कामा नये," म्हणून हा पठ्ठ्या पिशवी घेऊन निघाला.

आता त्याने वायर ओढली, तर वरचं प्लास्टिक पापडासारखं मोडून बोटांत आलं. त्याने बॅटरीचा झोत वर नेला. तीच वायर माळ्यावर गेली होती. तिच्याखालचा वासा हातभर जळून काळा पडला होता आणि त्याला लागूनच पेंढा कौलांपर्यंत ठासलेला.

गेल्या शिमग्यात पालखीच्या वेळी खाली अख्खी वाडी दाटली होती, कडेवरच्या पोरांसकट. दोन हॅलोजन, स्पीकर आणि ही एवढीशी वायर! ती तापली, वासा करपू लागला, आणि बोटाएवढा खटका आपणहून पडला. बत्तीसचा असता तर पेंढा पेटेपर्यंत ढिम्म हलला नसता.

"आई, जरा वर बघ."

येसूबाईने पाहिलं. "अगो बाय माझे!"

"वायर बदलेपर्यंत वीज नको. आणि बत्तीसचा तर नकोच."

"म्हणजे आज परत काळोख?"

गौरवने बत्तीसचा एमसीबी परत पिशवीत टाकला. येसूबाईने समई पेटवली आणि स्वतःच दार सताड उघडलं.

पालखी अंगणात आली. पुढे मानकरी गंगाराम. घरात डोकावून तो थबकला. मागे कुजबुज सुरू झाली.

"येसूबाई, यंदा पण काळोख?"

येसूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचा आवाज अंगणभर ऐकू गेला.

"गेल्या साली देवी कोपली नव्हती वो. काळोख करून पेटता घर राखलंन तिने, तुमच्या सगळ्यांच्या पोराबाळांसकट. आमालाच कळला नाय."

तिने गंगारामला आत बोलावलं, बॅटरी हातात दिली आणि जळका वासा दाखवला. गंगारामने झोत वाशावरून पेंढ्यावर नेला. मग मागे वळून हळूच म्हणाला,

"ढोल थांबवा रे. सगळ्यांनी आधी हात जोडा."