खंडेनवमीला धुतलेले दगड

नांदेडच्या त्या कॉलेजात खंडेनवमीला भूशास्त्राच्या प्रयोगशाळेतली सगळी हत्यारं पूजतात. हातोडे, होकायंत्रं, बंद पडलेला सूक्ष्मदर्शक, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी शिपाई वीरण्णाला कपाटात एकशे चाळीस दगडी कांड्या सापडल्या. बोटभर लांब, अंगावर रेघोट्या. देवापुढं मळकं ठेवायचं नाही हा त्याचा तीस वर्षांचा नेम. चिंच आणि राख लावून त्यानं त्या काथ्यानं घासल्या आणि ताम्हणात रचल्या.

भार्गवीची पीएचडीची चार वर्षं अर्ध्या तासात निघाली.

दोनशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे खंड एकमेकांना चिकटून होते, तेव्हा आपली जमीन कुणाच्या शेजारी होती, हा तिचा विषय. "तवाबी मागासच असंल की," असं वीरण्णा म्हणाला होता. त्या काळचा लाव्हा थिजताना त्यातल्या लोखंडाच्या कणांनी तेव्हाची उत्तर दिशा धरून ठेवली. ती वाचायची, तर कांडी खडकातून काढण्याआधी आजची उत्तर कुठं आणि वरची बाजू कोणती, याची खूण तिच्यावर करावी लागते. पितळी सळईची रेघ, वर मार्करचा बाण आणि नंबर. वहीत सगळे कोन नीट लिहिलेले होते. कोणता कोन कुठल्या कांडीचा, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

"मामा, काय केलंत हे?"

"घान व्हती, ताई. म्या घासलो."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं देगलूरकडं गेले. तिथं माळावर गुलाबी ग्रॅनाइटला चिरून गेलेली काळ्या दगडाची भिंत होती, कांड्या तिच्यातूनच काढलेल्या. आता खड्डा होता, त्यात हिरवं पाणी, शेजारी क्रशर. क्रशरवर चहा विकणाऱ्या गंगम्मानं नांदेडच्या दिशेनं हात केला.

"रोडला गेली बगा. लई पक्की खडी व्हती. तुमी त्याच्यावरूनच आलाव."

परतीच्या वाटेवर रस्ता खरंच चांगला होता. वीरण्णाला झोप लागली. भार्गवी खिडकीतून खाली बघत राहिली.

मार्गदर्शक रेणुकादास सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. भार्गवी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली.

"आधी मोजून घ्या. मग बाण काढा."

"सर, आधी बाण असतो."

"उत्तर काय यायला पाहिजे ते माझ्या लेखात आहे. तीस वर्षं झाली, कुणी खोडलं नाही."

"कुणी वाचलं असेल का पण?"

"मुदतवाढ संपलीय तुमची," सर म्हणाले. "रजिस्ट्रारला सांगा, वीरण्णानं चिंच लावली म्हणून."

पाच दिवस ती घरी बसली. सहाव्या दिवशी प्रयोगशाळेत आली. वीरण्णानं नवा मार्कर आणून ठेवला होता.

"मला सांगा, म्याच वडतो रेघा. पाप माझ्या माथी."

"तुमच्या वाकड्या येतील," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

प्रबंध मंजूर झाला. इतकी एकमुखी दिशा क्वचितच पाहायला मिळते, असं परीक्षकांनी लिहिलं. नांदेड सरांना हवं होतं तिथं जाऊन चिकटलं. सर लातूरला मुलाकडं गेले. भार्गवी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली.

पुढच्या भाद्रपदात एक मेल आली. परदेशातल्या कुणीतरी खरोखरच प्रबंध वाचला होता. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कांड्या पाठवाव्यात, आम्हाला पुन्हा मोजायच्या आहेत.

मेलला तिनं महिनाभर उत्तर दिलं नाही. खंडेनवमीला वीरण्णानं हातोडे पुसले, होकायंत्रं पुसली आणि त्या कपाटाला कुलूप घातलं. भार्गवीनं किल्ली मागितली. घमेल्यात पाणी घेतलं, चिंच कालवली आणि खाली बसून एकेक कांडी घासायला लागली. वीरण्णा दारात उभा होता.

"ताई, ऱ्हाऊ द्या की."

ती घासत राहिली. सगळ्या कांड्या झाल्यावर तिनं हात पुसले आणि एक कागद पुढं केला. पूजेच्या वेळी कर्मचाऱ्याकडून अनवधानाने नमुने धुतले गेले, सबब खुणा नष्ट झाल्या. खाली सहीची जागा.

वीरण्णानं कागद दोनदा वाचला.

"गेल्या साली हे खरं व्हतं," तो म्हणाला. "तवा कुणी लिहून न्हाई घेतलं."

"पेन्शनला धक्का लागणार नाही, मामा. मी विचारलंय."

त्यानं सही केली. मग ताम्हण आणलं, त्यात एकशे चाळीस कांड्या रचल्या आणि एकेकीला कुंकू लावत बसला.