घरून आलेलं मानपत्र

वाचून वाचून विद्वानांचे डोळे जातात, असा लोकांचा समज आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि वनस्पती अभ्यासक मंडळाची जवळजवळ सगळी कार्यकारिणी माझ्याकडे येते, म्हणून खात्रीने सांगतो, यातल्या बहुतेकांना नुसता लांबचा नंबर आहे. समारंभात पहिल्या रांगेत कोण बसलंय ते दिसलं की त्यांचं भागतं. जवळचा चष्मा सहसा कुणी मागत नाही.

आमची ही त्याच मंडळाची जुनी सभासद. कॉलेजात शिकवलं, निवृत्त झाली, आणि उभा जन्म दगडफुलाच्या मागे घालवला. दगडावर नाहीतर झाडाच्या सालीवर करडे-हिरवट पापुद्रे धरतात ना, ते दगडफूल. ते शेवाळ नव्हे. हे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकलो, कारण न शिकून सांगतो कुणाला. मंडळातले विद्वान मात्र तिला शेवाळबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले.

मंडळाचे आताचे अध्यक्ष तरुण असताना त्यांना जुन्या चुनाभट्टीच्या भिंतीवर केशरी रंगाचं दगडफूल सापडलं. ही जगाला माहीत नसलेली प्रजाती आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि तिला आपलं आडनाव लावलं. त्या एका केशरी डागावर त्यांना नोकरी मिळाली, बढती मिळाली, अध्यक्षपद मिळालं. बायकोही त्याच्याच जोरावर मिळाली असं ऐकून आहे, पण ते सोडा.

आमच्या हिला तो रंग पटेना. तिने भट्टीच्या पडक्या भिंतीतले दगड उचलून आणले आणि आमच्या बाल्कनीत सावलीला ठेवले. शेजारी साध्या करड्या दगडफुलाचे दगड ठेवले. मुलगी तेव्हा शाळेत होती. ती कॉलेजात जाईपर्यंत आमच्या बाल्कनीत माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती आणि टॉवेल आम्ही दाराच्या कडीवर वाळवत होतो. होता होता केशरी दगडफूल सावलीत फिकं होत गेलं आणि शेवटी करडं झालं. म्हणजे प्रजाती-बिजाती काही नाही, साधंच दगडफूल, उन्हाने रंगलेलं. "उन्हात रापला म्हणून माणूस परदेशी होत नाही," ही म्हणाली. तिने लेख लिहिला आणि तो मंडळाच्याच त्रैमासिकात छापून आला.

मला वाटलं, आता भडका उडणार. कसलं काय. अध्यक्ष रागावले नाहीत, कुणी उत्तर दिलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पुढची किती वर्षं ती टपाल आलं की आधी त्रैमासिक उघडायची आणि पत्रव्यवहाराचं पान बघून मिटायची. "चूक म्हणा, मूर्ख म्हणा," ती एकदा म्हणाली, "पण वाचा तरी." मग तेही म्हणायची थांबली. दगड परत भट्टीवर ठेवून आली आणि मी बाल्कनीत टॉवेलसाठी दोरी बांधली.

यंदा मंडळाचं सुवर्णपदक तिला जाहीर झालं.

फोन आला तेव्हा मी जेवायला घरी आलो होतो. तिने फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. डोळे भरून आले होते. मी विचारलं, कोण गेलं? आमच्या वयात फोननंतर रडू आलं की हाच प्रश्न आधी येतो. "कुणी गेलं नाही," ती म्हणाली. "अहो, त्यांनी वाचला. माझा लेख वाचला त्यांनी." पदकाबद्दल ती दुपारभर एक शब्द बोलली नाही. लेख वाचला, एवढंच.

तिला इतकी आनंदात मी मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. मलाही आनंद झाला. तो दोन दिवस टिकला, कारण तिसऱ्या दिवसापासून परीक्षक दुकानात यायला लागले.

एकूण पाच परीक्षक. प्रत्येक जण काहीतरी निमित्त काढून आला. कुणाची काडी ढिली, कुणाचा स्क्रू पडलेला. प्रत्येकाने इकडेतिकडे बघून हळू आवाजात मला सांगितलं, "तुमच्या मिसेसचं नाव मीच घातलं बरं का. बोलू नका कुणाजवळ." मी पाचही जणांना चहा पाजला. एका बाईला पाच जणांनी एकट्याने पदक मिळवून दिलं, हा हिशेब मला काही लागेना.

तो खजिनदारांनी लावून दिला. ते परीक्षकांपैकीच, पण त्यांचा माणूस पडल्यामुळे खरं बोलायच्या मनःस्थितीत होते.

"प्रत्येकाने तीन नावं क्रमाने द्यायची असतात," ते म्हणाले. "पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिल्या नंबरवर जो तो आपापला माणूस घालतो. ते ठीकच आहे. पण दुसऱ्या नंबरवर दमदार माणूस घातला आणि तोच निवडून आला तर? म्हणून तिथे असं नाव घालायचं, की ज्याला पदक मिळणं शक्यच नाही."

"मग?"

"मग काय. सगळ्यांनी शेवाळबाई लिहिलं." आपण कुणासमोर बोलतोय हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे, बाईंचं काम चांगलंच आहे हो. शेवाळावर एवढं कुणी केलंय?"

मी त्यांच्या चष्म्याचा स्क्रू इतका घट्ट आवळला की काडी पुढे कधी मिटलीच नसेल.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो हे माहीत होतं. इथे पाच शहाणे आपसात भांडले आणि लाभ झाला तो त्यांनी कधीच हिशेबात न धरलेल्या बाईचा. लेख एकानेही उघडला नव्हता. हे घरी सांगायचं कसं? ती तर कपाटातला तो जुना अंक काढून पुसत बसली होती. कुणी काही विचारलंच तर आठवायला हवं, म्हणे. मी गप्प बसायचं ठरवलं. बायकोपासून लपवायची माझी ताकद किती हे मला ठाऊक आहे, पण समारंभापर्यंत निभावेल असं वाटलं.

तेवढ्यात अध्यक्ष स्वतः दुकानात आले. मंडळात एक रीत आहे. मानपत्राचा मजकूर ज्याचा सत्कार त्याच्याच घरून येतो. याला 'माहिती पाठवणे' म्हणतात. त्यामुळे आजवरच्या सगळ्या मानपत्रांत सत्कारमूर्तींचा अतिशय जिव्हाळ्याने गौरव झालेला आहे. आमच्या हिने मात्र माहिती पाठवायला नकार दिला होता.

"फार संकोची आहेत हो तुमच्या मिसेस," अध्यक्ष म्हणाले. "म्हणतात, तुम्ही सगळं वाचलंच आहे, मी काय सांगू? आता मला काय तेवढंच काम आहे? तुम्हीच द्या काहीतरी पानभर. शेवाळाबद्दल वगैरे. मी बदल करत नाही, जसंच्या तसं वाचतो."

"जसंच्या तसं?"

"अक्षर मोठं काढा म्हणजे झालं."

तिला वाटायला हवं की यांनी वाचलाय, एवढाच माझा हेतू होता. अध्यक्षांची फजिती व्हावी असं मनात अजिबात नव्हतं, असं मी शपथेवर सांगणार नाही. घरी ती झोपली असताना लेखाचं शेवटचं पान काढलं आणि त्यातला निष्कर्ष उतरवून घेतला. मधलं मला फारसं समजलेलं नाही, पण शेवट समजायला विद्वान असावं लागत नाही. आजूबाजूला 'अथक व्यासंग' आणि 'मोलाची भर' पेरली, कारण त्याशिवाय मानपत्राला मानपत्र म्हणत नाहीत. अक्षर मोठं काढलं.

समारंभाला सभागृह भरलं होतं. शाल-हार झाले, पदक झालं, आणि अध्यक्ष मानपत्र वाचायला उभे राहिले. आवाज चांगला आहे माणसाचा. व्यासंग वाचला, भर वाचली. मग आलं, "चुनाभट्टीवरील केशरी दगडफूल, ज्याला थोर संशोधक आणि आपल्या मंडळाचे विद्यमान अध्यक्ष यांचे नाव देण्यात आलेले आहे." इथे त्यांनी आवाज चढवला आणि श्रोत्यांकडे बघून थांबले. स्वतःचा उल्लेख आला की ते थांबतात, आणि ते थांबले की सभासद टाळ्या वाजवतात. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी मान लववली आणि पुढची ओळ त्याच चढ्या आवाजात वाचली.

"ते स्वतंत्र प्रजाती नसून सर्वत्र आढळणाऱ्या साध्या दगडफुलाचेच उन्हाने रंग बदललेले रूप आहे, हे बाईंनी निर्विवाद सिद्ध केले."

ते पुन्हा थांबले. सभासदांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. चष्मा काढून परत घातला. चष्म्यात काही दोष नव्हता, मीच केलेला आहे. पाचही परीक्षक पहिल्या रांगेत हसऱ्या चेहऱ्याने बसले होते आणि त्यांतला एक तर अजून टाळ्याच वाजवत होता. मी हिच्याकडे बघितलं. ती अध्यक्षांकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणता काही कळेना.

ती बोलायला उठली. घरून लिहून आणलेला कागद तिने पर्समधून काढलाच नाही.

"एखाद्या माणसाचं अख्खं नाव एका शोधावर उभं असतं," ती म्हणाली. "तो शोध चुकला होता हे त्याने भर सभेत, स्वतःच्या तोंडाने मान्य करणं, याला फार मोठं मन लागतं. ते अध्यक्षांनी आज दाखवलं. मी त्यांची ऋणी आहे."

आता मात्र लोकांनी नीट ऐकलं होतं. कुणीतरी उभं राहिलं, मग सगळं सभागृह उभं राहिलं. अध्यक्षांचं झालं धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि वाकून मोठं मन स्वीकारलं. दुसरं करणार काय?

परत येताना आम्ही चालत निघालो. कोपऱ्यावर वळल्यावर ती म्हणाली, "मानपत्र तुम्ही लिहिलंत."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"अहो, जन्मभर वर्गात मुलांना उभं करून वाचायला लावलंय मी. आधी वाचलेला मुलगा कसा वाचतो आणि पहिल्यांदाच वाचणारा कसा वाचतो, हे मला कळत नाही होय? त्यांनी तो लेख आज पहिल्यांदा पाहिला." थोडं चालून ती म्हणाली, "कुणीच वाचला नव्हता ना?"

खोटं बोलायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या नंबरचं सगळं सांगितलं. पदकाची डबी पर्समध्ये मावत नव्हती म्हणून तिच्या हातातच होती, ती तिने माझ्याकडे दिली, पिशवी द्यावी तशी. मला फार वाईट वाटलं. त्या सगळ्या शहाण्यांना ओळीने उभं करून चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण रस्त्यावर आम्ही दोघंच होतो.

"मग भाषणात ते मोठं मन वगैरे कशाला?" मी विचारलं.

"आता त्यांना वाचावाच लागेल," ती म्हणाली. "भर सभेत मान्य केलंय. काय मान्य केलंय ते बघायला नको का?"

पुढच्याच आठवड्यात अध्यक्ष दुकानात आले. जवळचं दिसत नाही म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तपासणीची चौकट डोळ्यांवर चढवली आणि वाचायला तक्ता पुढे धरला. तो त्यांनी बाजूला सारला आणि बॅगेतून त्रैमासिकाचा तो जुना अंक काढला. मी भिंगं बदलत होतो, "हे बरं की हे?" विचारत होतो. थोड्या वेळाने त्यांनी उत्तरं देणं बंद केलं. ती अवजड चौकट नाकावर घेऊन ते पानं उलटत राहिले. माझी दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली.

"बाई घरी आहेत?" त्यांनी शेवटी विचारलं.

मी दुकान ओढून घेतलं आणि बरोबर गेलो. जास्त बोलला तर जिना दाखवायचा, असं ठरवून गेलो. हिने दार उघडलं. ते आत आले, पण बसले नाहीत.

"तुम्ही माझे दगड आणि साधे दगड शेजारी शेजारी ठेवले होते?"

"हो."

"एकमेकांना चिकटून?"

"बाल्कनी केवढीशी. हो."

"मग साध्याने पसरून माझ्यावर ताबा मिळवला नसेल कशावरून? रंग बदलला नाही बाई. भाडेकरू बदलला."

मी जिन्याकडे बघितलं.

"वेगळे ठेवायला हवे होते," ती हळूच म्हणाली.

"हवेच होते. साफ चुकलंय तुमचं."

"चुकलं असेल. पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही."

"ते बघू. भट्टीची भिंत उभी आहे अजून."

"उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी."

ती माझ्याकडे वळली. मुलीला मुलगी झाल्याचा फोन आला होता, तेव्हा हिने मला ज्या आवाजात हाक मारली होती त्याच आवाजात म्हणाली, "अहो, ऐकलंत का? चुकलंय म्हणतायत."

टॉवेलची दोरी मी त्याच संध्याकाळी सोडली.