कपाटावरून उतरलेली रॅकेट

मित्रांनो, मी बॅडमिंटनची एक जुनी रॅकेट आहे. माझी मूठ आता झिजली आहे. डोंबिवलीत कोपरला राहणाऱ्या विनिताने कॉलेजच्या स्पर्धेसाठी मला घेतले. तिच्या हातात मी वाऱ्यासारखी फिरत असे.

मग तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झाले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. शेवटी तिच्या आईने, मंदाकिनीबाईंनी, आपली एक किडनी तिला दिली. विनिता बरी होऊन घरी आली, पण घरातच राहिली. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, तरी आई म्हणे, "नको गं विनू. पडलीस, लागलं तर? माझ्याकडे आता दुसरी नाही द्यायला."

विनिताने मला खाली काढलेच नाही. माझ्यावर धूळ साचत गेली.

एकदा तपासणीच्या रांगेत तिला शहाडचे त्र्यंबककाका भेटले. त्यांच्या पत्नीने, सगुणाबाईंनी, त्यांना यकृताचा भाग दिला होता. काका म्हणाले, "आम्ही आपल्यासारखे सगळे दर रविवारी ठाण्याला एका हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतो. येऊन तर बघ. आईलाही आण."

त्या रविवारी विनिताने मला फडक्याने पुसले आणि आईही नुसते बघायचे म्हणून बरोबर आली. हॉलमध्ये कोणी मास्क लावून खेळत होते, कोणी गोळीची वेळ झाली म्हणून थांबत होते. कुणाला काही समजावून सांगावे लागत नव्हते. विनिता खेळू लागली आणि थोड्याच वेळात तोल जाऊन पडली. मी दूर फेकली गेले. मंदाकिनीबाई ताडकन उठल्या, तेव्हा सगुणाबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा जरा. तिचं तिला उठू द्या. मीही यांना वर्षभर दुधाची पिशवी उचलू दिली नव्हती."

विनिताने गुडघा चोळला, मला उचलले आणि ती हसली. "आई, बरी आहे गं मी. बस तू."

मंदाकिनीबाई बसल्या. डोळे पुसत त्यांनी पुढचा सगळा खेळ पाहिला. तो संपल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "घेणाऱ्यांचं झालं खेळून. चला, आता देणाऱ्यांचा डाव."

मंदाकिनीबाईंनी पदर खोचला आणि मला कालथ्यासारखे धरले. सुरुवातीची शटलची फुले हुकली. मग एक जाळीपलीकडे गेले आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

आता ऑपरेशननंतर घाबरत येणाऱ्या नव्या माणसाच्या हाती विनिता आधी मला देते. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मोठ्या आजारातून उठले असेल, तर त्याला जरूर जपा, औषधे वेळेवर द्या. पण त्याला एकटे पाडू नका. कुठेतरी त्याच्यासारखीच माणसे त्याची वाट पाहत असतात.