रामाकोन्याला गेलेला सर्वनामांचा तक्ता

फळ्याशेजारी गप्प लटकून राहायचं, एवढंच माझं काम होतं. पण आज मी बोलतोय. मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका मुलींच्या शाळेतला इंग्रजी सर्वनामांचा तक्ता.

१९८३ साली नलिनीबाईंनी मला घरी बसून रंगवलं. पुठ्ठ्यावर कापड, त्यावर निळी शाई. नामाच्या जागी राबणाऱ्या शब्दांना त्यांनी घरं आखून दिली. आय, यू, शी हे पुरुषवाचक. माइन, युअर्स हे मालकीचे. मायसेल्फ स्वतःकडे वळणारा. धिस, दॅट बोट दाखवणारे. हू, व्हॉट विचारणारे. दोन वाक्यं जोडणारे विच, हूम. आणि नेमकं कोण ते न सांगणारे समवन, नोबडी.

मुली मला पाठ करायच्या आणि परीक्षा सरली की विसरायच्या. कुसुम मात्र विसरली नाही. ही जवळच्या रामाकोना गावच्या श्रावण या शेतमजुराची मुलगी. मधल्या सुट्टीत भाकरी खाता खाता मला वाचायची. एकदा तिनं विचारलं, "बाई, मालकालेही यू अन् मजुरालेही यू?"

"हो गं. इंग्रजीत तू-तुम्ही नाही," बाई हसल्या.

पुढं बाईंची पांढुर्ण्याला बदली झाली आणि प्रभाकर सर आले. नववीच्या सहामाहीत इंग्रजीत कुसुम पहिली आली. सरांना ते पटेना. "कुणाचं पाहून लिहिलंस? उद्या बापाला आण."

दुसऱ्या दिवशी श्रावण मजुरी बुडवून आला. सर खुर्चीतूनच म्हणाले, "ये इकडे. तुझ्या पोरीनं नक्कल केली. तसं लिहून दे, नाहीतर नाव कमी करतो."

"सर, मले लिहिता येत नाही," श्रावण म्हणाला. "येत असतं तरी हे लिहून देल्लं नसतं."

"तुला काही कळतं का रे?"

कुसुम ताडकन उठली. "सर, माह्या बाबांसंग इंग्रजीत बोला. तिथं 'तू' नाही."

सरांनी मला खसकन भिंतीकडे फिरवलं. "एवढी हुशार आहेस, तर सांग सगळी सर्वनामं. वाक्यांसकट!"

मला आता भिंतीचा चुनाच दिसत होता. पाठीमागून तिचा आवाज आला. खणखणीत. एकेक घर तिनं वाक्यासकट घेतलं. शेवटी म्हणाली, "नोबडी हेल्प्ड मी. आय डिड इट मायसेल्फ." कुणीच मदत केली नाही, मी स्वतः केलं.

सरांनी पेपर परत दिला. माफी मागितली नाही. श्रावणला म्हणाले, "तुम्ही... जा आता." तेही खिडकीकडे बघत.

मला मात्र त्याच दिवशी कोठीत टाकलं. तीन वर्षं उधळीनं, म्हणजे वाळवीनं, माझा कोपरा कुरतडला. बारावी होऊन शाळा संपल्यावर कुसुम दाखला न्यायला आली, कोठीत डोकावली आणि तिनं मला बाहेर ओढलं.

शिपाई भाऊराव म्हणाला, "अवं, ते भंगार कायले नेऊन राहिली?"

"भंगार म्हणता ना? मंग मी नेते."

अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेनं आम्ही रामाकोन्याला आलो. इथल्या बुद्धविहारात ती दर रविवारी मुलींना शिकवते. विच, हूम अर्धे उधळीच्या पोटात गेलेत, तरी मुली ते अचूक म्हणतात. मला बघायचं असेल तर खुशाल या. वहाणा बाहेर काढा, आणि आमच्या मुलींशी नीट बोला.