उसनी मिशी

मित्रांनो, मी ठाकुर्लीच्या एका चौकातला जुना अर्धपुतळा आहे. कॅप्टन प्रफुल्ल यांचा. ते चोविसाव्या वर्षी युद्धात गेले, मरणोत्तर वीरचक्र मिळालं. माझ्याकडे बघून मात्र तुम्हाला ते चाळिशीचे वाटतील. वाटणारच! ऐका, का ते.

वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये कुंडलिक मूर्तिकारांनी मला आधी मातीत घडवलं. साचा काढण्याआधी घरच्यांना दाखवायची रीत असते. म्हणून कॅप्टनच्या आई, सखुबाई, आल्या. माझ्या गुळगुळीत ओठावर बोट ठेवून म्हणाल्या, "योच माजा पोर. मिशी फुटतच नवती याला, लय चिडायचा." डोळ्यांना पदर लावून त्या गेल्या. काय धन्य वाटलं मला म्हणून सांगू!

संध्याकाळी स्मारक समितीचे कमलेशशेठ टपकले.

"वीरचक्रवाला फौजी, आणि मिशी नाय? कॉलेजचा पोरगा वाटतोय. झुपकेदार लाव चांगली."

"शेठ, आईनं पास केलंय."

"आईला काय कळतंय पुतळ्यातलं?"

लावली मिशी.

अनावरणाला पडदा सरकला, टाळ्या कडाडल्या आणि सखुबाई व्यासपीठावरून ओरडल्या, "यो माजा पोर नाय! काढा ती मिशी!" मेल्या लाउडस्पीकरवाल्यानं गाण्याचा आवाज वाढवला. शेठनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि फोटोग्राफरकडे बघून हसले.

पुढे दर पुण्यतिथीला माउली तेच मागायची. "आजी, पुढच्या वर्षी नक्की," हे ठरलेलं उत्तर. पुढच्या वर्षी मला सोनेरी रंग फासायचे, मिशीला जरा जास्तच. एरवी माझ्या नशिबी कावळे आणि तोंडावर बांधलेले वाढदिवसाचे फ्लेक्स.

यंदा कॅप्टनच्या बहिणीनं, निशाताईंनी, कुणाला न विचारता म्हाताऱ्या कुंडलिकांनाच गाठून आणलं. हातात कानस, मिशी घासून काढायला. सोबत सखुबाई. त्यांना हल्ली घरची माणसंही ओळखू येत नाहीत. त्यांनी माझ्या ओठावर बोट ठेवलं आणि चेहरा कसा उजळला! "अगो बाय! मिशी आली रं तुला? केवढा झालास!"

कुंडलिकांनी कानस पुढे केली, तशा त्या अंगावर धावल्या. "हात नको लावू! हौसेनं वाढवलीय पोरानं."

मग हळूच मला म्हणाल्या, "घरा कवा येशील रं?"

निशाताई तोंड फिरवून रडल्या. कुंडलिकांनी कानस पिशवीत टाकली.

मित्रांनो, मला हार घाला, नका घालू. पण गेलेला मुलगा कसा होता, हे त्याच्या आईला विचारा. आणि तिला आठवतंय तोवरच ऐका.