तीन काठ्या आणि एक दगड

मी ए-फ्रेम बोलतेय. नाव ऐकून घाबरू नका. घाबरायचं काम माझ्याकडे आहे. शेंड्याला एकत्र बांधलेल्या दोन लांब काठ्या, मध्ये एक आडवी आणि वरून दोरीला टांगलेला दगड, एवढाच माझा पसारा. वारा आला की दगड हलतो आणि माझा जीव खालीवर होतो.

मला ताईनं शेडमध्ये घडवलं. पाय जुन्या शिडीचे, आडवी काठी झाडूची. घरामागचा उतार उघडाबोडका झाला होता. पाणी माती घेऊन थेट नाल्यात पळायचं. पायथ्याचा झरा आटला होता. उताराला आडवे, एका पातळीत चर खणले की पाणी थांबतं, मुरतं. ही पातळी माणसाच्या डोळ्यांना कळत नाही, मला कळते. दगडाची दोरी माझ्या आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत.

ताईच्या धाकट्या भावाला हे पटत नव्हतं. "या पावसाळ्यात झरा आला नाही, तर मी आईला घेऊन शहरात जातो. तू बस इथे दगड झुलवत."

"आणि आला तर?"

"तर राहीन. आता कुदळ दे."

आईनं त्याच दिवशी बॅग भरून दाराशी ठेवली. तिला ऐनवेळची धावपळ सोसत नाही. मलाही नाही.

भावानं खणण्यात मात्र कसर ठेवली नाही. रागावलेला माणूस चांगला खणतो, असं माझं निरीक्षण आहे. चराखाली मातीचा वरंबा, त्यावर गवत, घेवडा, झाडांची रोपं. वरचे चर झाले आणि घोळ झाला. भिंतीला टेकवलेली असताना माझा एक पाय त्याला लांब वाटला. माणसाला लहानमोठे पाय दिसले की त्याचा हात करवतीकडे जातो. त्यानं माझा पाय बोटभर कापला. खूण जुनीच राहिली आणि खालचे चर तिच्यावरच आखले गेले. मला कुणी विचारलं नाही.

पाऊस आला. वरचे चर गुपचूप भरले. खालच्या चरांतलं पाणी एका टोकाला धावलं आणि वरंबा फोडून गेलं, रोपांसकट. ताई भिजत उभी राहिली. मग तिनं मला हातात घेऊन निरखलं.

"पाय कापलास हिचा?"

"थोडासाच. लांब दिसत होता गं."

"दिसू दे की! पाय लहानमोठे असले तरी चालतं हिला. पाय कापल्यावर खूण नवी करावी लागते, शहाण्या!"

मला वाटलं, आता हा बॅग उचलणार. तो कुदळ घेऊन चरात उतरला. पाणी पळू नये म्हणून त्यानं चरात जागोजागी मातीचे आडबंध घातले, फुटलेला वरंबा बांधला. ताईनं मला नवी खूण केली.

पाऊस सरता सरता पायथ्याचे दगड ओले दिसू लागले. भाऊ पेला घेऊन गेला. पेला भरायला इतका वेळ लागला की शेवटी त्यानं मांडी घातली.

"गढूळ आहे," तो म्हणाला.

"आहे ना पण!" ताई म्हणाली.

आईनं दारातून विचारलं, "मग मी बॅग रिकामी करू का रे? माझी चांगली चादर तळाशी आहे."

"कर," तो म्हणाला आणि दुसरा पेला लावून बसला.

सध्या मी चराच्या टोकाला उभी आहे. घेवड्याचा वेल अंगावर चढलाय. त्यानं दगडालाही विळखा घातलाय, त्यामुळे वाऱ्याची धास्ती उरली नाही. पुढचा उतार आखायला मला न्यायचं असेल, तर एवढंच करा: वेल हळूच सोडवा. आणि करवत घरीच ठेवा.