आमच्याच इमारतीवरची लाल खूण

घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं, त्या दिवसापासून माझा मुक्काम मोबाइलमधल्या नकाशावर होता. मी दातांच्या कवळ्या बनवते. हाताने मेणात दात बसवायचे आणि डोळा नकाशावर, असं चाललं होतं. भाड्याच्या प्रत्येक फ्लॅटची एक लाल खूण. दाबली की फोटो, खोल्या, भाडं. बोटाने गोल काढला की फक्त त्यातली घरं दिसतात. माझा गोल एवढासा होता.

दादाचा फोन यायचा. "अगं, गोल जरा मोठा कर. शहराबाहेर ढिगाने घरं आहेत."

"तू ये आणि रोज बाबांना शोधून आण, मग करते मोठा!" लांबून सल्ले द्यायला याचं काय जातं?

बाबांचं विसरणं वाढलं होतं. जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस, आता माझं नावसुद्धा चाचपडत शोधायचा. पण सकाळी ते एकटे बागेपर्यंत जायचे, बाकावर बसायचे आणि बरोब्बर परत यायचे. तेवढा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. तोही गेला, तर त्यांना घरात कोंडून ठेवायची वेळ येणार.

परत आले की माझ्या चपलांचा उद्धार ठरलेला. माझी एक चप्पल इकडे तोंड करून, दुसरी तिकडे. बाबा दारातच वाकून त्या जोडीने लावायचे आणि म्हणायचे, "कधी शिकणार ही पोरगी!" नाव विसरले, पण हे विसरले नाहीत.

गोलातली घरं बघून संपली. एका घराचं भाडं ऐकूनच घाम फुटला, दुसऱ्याची खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर भिंत. आमच्या इमारतीवरही एक लाल खूण होती. ती मात्र मी कधी दाबली नाही. मालकाने आमचंच घर वाढीव भाड्याने टाकलं होतं. आपल्याच स्वयंपाकघराचे फोटो असे बाजारात मांडलेले कोण बघणार?

एका रविवारी बाबा शेजारी येऊन बसले. मी त्यांच्यापुढे नकाशा धरला. "ही बाग बघा. इथे तुमचा बाक."

त्यांचं बोट बागेपासून निघालं, रस्त्याने सावकाश चाललं, कोपऱ्यावर वळलं आणि आमच्या इमारतीवर टेकलं.

"हे आपलं घर."

"हो बाबा, पण आता ते..."

बोट टेकल्यामुळे खूण उघडली होती. आत एक नाही, दोन घरं होती. एक आमचं, तिसऱ्या मजल्यावरचं. दुसरं तळमजल्यावरचं, वेगळ्या मालकीणबाईंचं, लहान पण परवडणारं. एका इमारतीतली घरं नकाशावर एकाच खुणेखाली असतात, आणि ही शहाणी महिनाभर त्या खुणेला वळसा घालून फिरत होती! स्वतःचा राग आला, आनंदही झाला, आणि मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

"कोणी काही बोललं का तुला?" त्यांनी विचारलं.

सामान तळमजल्यावर आलं, तरी धाकधूक होतीच. सवयीने ते वर गेले तर? पहिल्या सकाळी बाबा बागेत गेले, तेव्हा मी दार उघडं ठेवून आत उभी राहिले. हाक मारायची नाही, असं ठरवलं होतं. रोज हाक मारायला मी थोडीच घरी असणार?

बाबा आले. आमच्या दारावरून सरळ पुढे गेले. कठडा धरला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात त्यांची मान वळली. दारात माझ्या चपला पडल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे.

पायरीवरचा पाय खाली आला. बाबा वाकले, चपला जोडीने लावल्या आणि आत येत म्हणाले, "कधी शिकणार ही पोरगी!"

"कधीच नाही, बाबा," मी म्हटलं.